घोरपडीची मान आणि भुलूची जागा

"लाल! लाल! लालच!" अनिकेत काउंटरवर मूठ आपटत म्हणाला.

"तू सर्व्हो घेतोयस की टोमॅटो?" केतकीने विचारलं.

कोलकात्यातल्या चांदनीच्या बाजारातलं ते दुकान इतकं अरुंद होतं, की दोघं शेजारी उभे राहिले तर तिसऱ्याने पोट आत ओढून घ्यावं. तिसरा म्हणजे केतकीचा धाकटा भाऊ अथर्व. त्याने पोट वगैरे काही ओढलं नव्हतं. तो डरकाळीचा सराव करत होता. उद्या षष्ठी. न्यू टाउनमधल्या त्यांच्या सोसायटीच्या दुर्गापूजेत मुलांचं नाटक होतं आणि अथर्व त्यात वाघ होता. अनिकेतची आई हेमाकाकू दुकानाच्या दारात उभी राहून फोनवर ऑफिसला समजावत होती, की सुट्टी म्हणजे सुट्टी. ऑफिसला ते पटत नव्हतं.

काउंटरवर दोन सर्व्हो मांडले होते, एक लाल, एक काळा. रिमोटच्या गाडीची पुढची चाकं डावी-उजवीकडे वळवणारी, काडेपेटीएवढी मोटर म्हणजे सर्व्हो. अनिकेतच्या 'घोरपडी'चा जुना सर्व्हो आतल्या चक्रांचे दात झडून निकामी झाला होता. घोरपड म्हणजे दगडांवर चढणारी त्याची गाडी: जाड मऊ टायर, लवचीक पाय, आणि चाल अशी की गोगलगायीने मागून हॉर्न द्यावा.

"पापणी लवायच्या आत चाक वळतं! खोक्यावरच लिहिलंय," अनिकेत म्हणाला. त्याला पुण्याहून येऊन वर्षच झालं होतं, आणि खोक्यावर छापलेलं सगळं त्याला खरं वाटायचं.

केतकी इथलीच. तिचे आजोबासुद्धा कोलकात्यात जन्मले होते. तिचा खोक्यांवर विश्वास नव्हता, आणि माणसांवरही ती तो जपून खर्च करायची. कोण काय बोलतं आणि नंतर काय करतं, याचा जमाखर्च तिच्या डोक्यात सदैव चालू असे. अनिकेतच्या खात्यात हौस भरपूर जमा होती. दम मात्र नेहमी उधारीवर.

"गाडी चालते गोगलगायीसारखी. तिला मान चिमणीची कशाला?" ती म्हणाली. "दादा, दोन्ही जरा चालवून दाखवा ना!"

दुकानदाराने हसत लाल सर्व्होला बॅटरी जोडली. त्याचा चिमुकला हात टकाटक डावी-उजवीकडे हलू लागला. केतकीने तो दोन बोटांत धरला. सर्व्हो 'कींऽऽ' करून रडला आणि जागच्या जागी थांबला.

मग काळा. जड, ठोकळा, पोटात धातूचे दात. त्याचा हात केतकीने धरला आणि ती ओरडली, "आई गं! अरे, हा मलाच घेऊन चाललाय!" सर्व्हो शांतपणे, तिच्या बोटांसकट, डावीकडे वळला होता.

"बोल आता. दगडात अडकलेलं चाक कोण सोडवेल?"

अनिकेतने लाल सर्व्हो उचलून हातात फिरवला. "पण लाल किती भारी दिसतो!"

"गाडीच्या पोटात कोणाला दिसणार?"

"मला माहीत असेल ना!"

पण काळाच घेतला. परतीच्या वाटेवर अनिकेत त्या लाल सर्व्होबद्दल इतका हळहळला, की हेमाकाकूने विचारलं, "कोणी आजारी आहे का रे?"

षष्ठीच्या सकाळी नवी मान बसली. मुलांनी मंडपामागे विटांचा डोंगर रचला. घोरपड पहिल्या विटेवर चढली, चाक अडलं, काळ्या सर्व्होने जोर लावला... आणि गाडी ठार बंद! दिवे गेले. क्षणभराने परत आले. पुन्हा जोर, पुन्हा बंद.

"लाल घेतला असता तर..." अनिकेतने सुरुवात केली.

"तर तो आत्ता रडत बसला असता. नीट बघ, दर वेळी जोर लावतानाच का मरते ती?"

अनिकेत मांडी घालून बसला. हौस बाजूला ठेवली की त्याचं डोकं छान चालायचं. थोड्या वेळाने तो टुणकन उठला. "हा पैलवान आहे गं! जोर लावताना सगळी वीज एकटाच खातो, मग रिमोटचं ऐकणारा भाग उपाशी मरतो. याला वेगळं ताट वाढायला हवं!" त्याने सर्व्होला वेगळी छोटी बॅटरी जोडली. घोरपड कुरकुर न करता डोंगर चढून पलीकडे उतरली.

केतकीने अनिकेतच्या खात्यात मनातल्या मनात मोठी रक्कम जमा केली. त्याला मात्र सांगितलं नाही.

"दीदी," अथर्व तिची ओढणी ओढत म्हणाला, "भुलू आत जात नाही."

भुलू हा सोसायटीचा तपकिरी कुत्रा. स्टेज उभं राहिल्यापासून त्याने स्टेजखालची थंड, फुकट जागा पटकावली होती. आता तो लांब उन्हात उभा होता. अथर्वने स्टेजजवळ लुचीचा, म्हणजे मैद्याच्या पुरीचा, तुकडा टाकला. भुलू दोन पावलं आला, नाक पुढे केलं, केकाटला आणि शेपूट पायांत घालून पळाला.

"अनिकेत," केतकी हळूच म्हणाली, "सावली सोडून उन्हात उभं राहणं भुलूच्या हिशेबात बसत नाही. आणि लुची सोडणं तर नाहीच नाही!"

दोघं प्रभाकरकाकांकडे धावले. प्रभाकरकाका सांस्कृतिक समितीचे प्रमुख. हातात माइक असला की त्यांना दुसऱ्याचं ऐकू येत नसे.

"काका, स्टेजखाली काहीतरी गडबड आहे! भुलू..."

"कुत्र्याचा मूड!" काका माइकमधूनच म्हणाले, त्यामुळे साऱ्या मंडपाला ते कळलं. "वायरिंग झालंय, पाण्याचा स्टॉल लागलाय, सगळं चोख आहे. मी स्वतः लक्ष घातलंय!"

'स्वतः' म्हटलं की काकांनी फक्त बोट दाखवलेलं असतं, ही नोंद केतकीकडे जुनी होती.

"आपण आत जायचं नाही," ती अनिकेतला म्हणाली. "घोरपड जाईल."

हेमाकाकूचा फोन रबरबँडने घोरपडीच्या पाठीवर बांधला, केतकीच्या आईच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला आणि स्टेजचा पडदा उचलून गाडी आत सोडली. अनिकेत रिमोटवर, केतकी फोनवर.

"सरळ... बांबू आहे, डावीकडे... काथ्याचं भेंडोळं, चढ त्याच्यावर!"

आत विटा, खिळ्यांच्या फळ्या, बांबूचे तुकडे. मोठ्यांनी 'नजरेआड कर' म्हटलेलं सगळं तिथे जमा होतं. मग काहीतरी चमकलं.

"थांब! पाणी!"

स्टॉलच्या सांडपाण्याची नळी कोणीतरी थेट स्टेजखाली सोडली होती. तळं साचलं होतं, आणि घोरपड त्याच्याकडेच उताराला लागली होती!

"वळव! उजवीकडे!"

"वळवतोय! चाक विटेत अडकलंय!"

चित्र थरथरलं. गाडी कडेला घसरली. अनिकेतने ओठ चावून रिमोटचं चाक पूर्ण फिरवलं. घर्रऽऽ आवाज आला. दिवे गेले नाहीत. वीट हलली, हळूच सरकली, आणि घोरपडीने मान वळवली! पाण्याच्या अगदी काठावर ती थांबली, आणि फोनचा डोळा जिकडे वळला तिकडे केतकीला ते दिसलं. जाड वायरचा जोड. वरची टेप सुटून लोंबत होती, तांब्याच्या तारा उघड्या, आणि अर्धा जोड पाण्यात. पाण्याची जीभ पुढे पुढे सरकत होती. स्टेजच्या लोखंडी जिन्यापासून ती वीतभरच दूर होती.

"रंगीत तालीम!" काकांचा आवाज घुमला. "मुलांनी चपला काढून जिन्यावर रांग लावा! वाघ पहिला!"

केतकीने अनिकेतला पुढे ढकललं. "अनिकेत, जिना! कोणालाही हात लावू देऊ नकोस!"

अनिकेतने रिमोट टाकला आणि धूम पळाला. काकांना समजावायला जावं? ते आधी भाषण देतील. केतकी उलट्या दिशेने धावली, मंडपात मोठा स्क्रीन लावणाऱ्या दादाकडे. तो स्क्रीन तपासायला चांगलं चित्र शोधतच होता.

"दादा, हा फोन जोडा! लवकर, प्लीज!"

काका स्टेजसमोर उभे होते. "मित्रहो, यंदाची व्यवस्था इतकी काटेकोर आहे, की..."

त्यांच्या मागे भिंतीएवढ्या स्क्रीनवर उघड्या तारा, सुटलेली टेप आणि गढूळ पाणी झळकलं.

"...की बोट ठेवायला जागा नाही!"

"ओ मा गो!" सान्याल काकीमा किंचाळल्या. "एटा तो स्टेजेर नीचे! हे तर स्टेजखालचं!"

जिन्यापाशी अनिकेत दोन्ही हात पसरून उभा होता आणि वाघ त्याच्यावर गुरगुरत होता. "सोड! मी पहिला आहे!"

"आज वाघ शेवटी!" अनिकेत ओरडला.

काकांनी मान मागे वळवली. बघितलं. आणि माइक चक्क खाली टाकून ते धावले, "मेन स्विच! मेन स्विच पाडा!"

खट्! दिवे गेले, गाणं थांबलं, स्क्रीन काळा झाला. केतकी धावत जिन्यापाशी गेली. तिने अथर्वला घट्ट मिठी मारली. "दीदी, मिश्या पुसल्या जातायत!" तो कुरकुरला, पण तिने सोडलं नाही.

इलेक्ट्रिशियनने पाणी उपसलं, वायर बदलून उंच बांधली. "हा जोड तात्पुरता होता," तो पुटपुटला. "राहूनच गेला."

"आणि नळी मीच सोडायला सांगितली होती," प्रभाकरकाका म्हणाले. माइकशिवाय त्यांचा आवाज अगदी साधा होता. "समोरून वाईट दिसते म्हणून. पोरांनो, तुम्ही दोघं नसतात तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. केतकीने ते न पुरं केलेलं वाक्यच त्यांच्या खात्यात जमा धरलं. मग काकांनी माइक उचलला आणि साऱ्या मंडपाला सांगितलं, की यंदाची पूजा या दोन मुलांनी आणि एका गाडीने वाचवली. टाळ्या थांबेचनात. हेमाकाकू मोठ्याने म्हणाली, "लाल घेतला असता तर?" आणि अनिकेत कानापर्यंत लाल झाला.

"सगळं तपासलं, मीटर लावून पाहिलं!" काका म्हणाले. "आता सुरू करू या?"

"एक तपासनीस राहिलाय," केतकी म्हणाली.

भुलू लांबून येत होता. त्याने जिना हुंगला, पडद्याखाली नाक घातलं, थबकला. मग तो आत शिरला, स्वतःभोवती गिरकी घेतली आणि मोठी जांभई देऊन आपल्या जागेवर पसरला.

"पास!" केतकी ओरडली.

आणि वाघ डरकाळी फोडत जिना चढला.