भिंगरी गप झाली तेव्हा

पहिल्यांदा तो मला दिसला, तेव्हा त्याच्या मेंढ्या आमच्या रानभर पांगल्या होत्या. आणि पांगवल्या होत्या आमच्या कुत्रीनं.

कुत्री म्हणजे वीतभर. नाव भिंगरी. दादांनी – आम्ही वडिलांना दादा म्हणायचो – हिंगोलीच्या बाजारातून तिला आणलं, तेव्हा विकणाऱ्यानं सांगितलं होतं की ही जुन्या छावणीतल्या गोऱ्या साहेबांच्या कुत्र्यांच्या वंशातली आहे. साहेब केव्हाच गेले, तोरा तेवढा मागे राहिला. भिंगरी वाळल्या पानावर भुंकायची, सावलीवर भुंकायची आणि भुंकायला काहीच उरलं नाही तर आपल्याच शेपटीवर भुंकायची. दादांना मात्र त्याचंच कौतुक. संध्याकाळी रानातून येताना ते गल्लीच्या तोंडाशी मुद्दाम खाकरायचे, की घरातून हिचा कल्ला सुरू. "लेकरू माझी दवंडी पिटतंय," असं म्हणत ते हसत आत यायचे.

गाव आमचं कुरुंदा. निजामाचं राज्य होतं, रझाकारांची धामधूम अजून आठ-नऊ वर्षं लांब होती. हळद काढून झालेल्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायची आमच्याकडे रीत. त्या साली दादांनी ज्याच्या मेंढ्या बसवल्या तो हा... उंच, सावळा, खांद्यावर घोंगडी, आणि तोंडात जणू मूग भरलेले.

मी पदर सावरत, "भिंगरे! ए भिंगरे! गप!" असं ओरडत धावत पोचले. तो शांतपणे उकिडवा बसला होता. भिंगरीकडे बघतसुद्धा नव्हता. उजव्या हाताचा तळवा त्यानं जमिनीवर टेकला होता, बस्स. भिंगरी भुंकत राहिली. मग दम घ्यायला क्षणभर थांबली – तेवढ्यात त्यानं भाकरीचा तुकडा पुढे केला. ती पुन्हा भुंकली, तो पुन्हा तसाच. चार वेळा असं झालं. पाचव्या वेळी भिंगरी त्या तळव्याकडे बघत गप बसली.

"कुत्री तुमची व्हय?" त्यानं विचारलं.

"व्हय. काहून?"

"हुशार हाय. तुमी तेवढं वरडू नका. तिला वाटतं, मालकीणबी माझ्यासंगं भुकून राहिली."

"नाव काय तुमचं?" मी रागानं विचारलं.

"दगडोबा."

"शोभतं," मी म्हटलं आणि भिंगरीला बगलेत मारून निघाले. बांधावर गेल्यावर मागं वळून पाहिलं. का पाहिलं, ते विचारू नका. तो हसत होता.

त्याच्या आईनं, रुख्मिणीबाईनं, नंतर आमच्या मायला सांगितलं – आधीची तीन लेकरं गेली, म्हणून याचं नाव दगडोबा ठेवलं. दगडाला काळ नेत नाही म्हणून. ते ऐकल्यावर माझं ते 'शोभतं' मलाच कितीतरी दिवस टोचत राहिलं.

त्याच आठवड्यात दादांच्या तळपायात कुदळ घुसली. माझ्या मायनं जखमेत हळद भरली, चिंधी बांधली. आठव्या दिवशी सकाळी दादांना भाकरी चावेना. दुपारी दातखीळ बसली. दुसऱ्या दिवशी त्यांचं अंग मागच्या बाजूला असं ताणलं गेलं की नुसती टाच आणि डोकं अंथरुणाला टेकलेलं होतं. काका – संतराम काका, दादांचे धाकटे भाऊ – वसमतहून डॉक्टरांना घेऊन आले.

"धनुर्वात आहे," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले. त्यांनी सुई टोचली, औषध दिलं आणि आम्हाला बाहेर नेऊन सांगितलं, "खोलीत अंधार ठेवा. आवाज होऊ देऊ नका. भांडं पडलं, दार वाजलं, तरी त्यांना झटका येईल. त्यातल्याच एखाद्या झटक्यात श्वास अडकायचा. दोन आठवडे निभावले तर आशा आहे."

गावानं त्या दोन आठवड्यांत आमच्यासाठी जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. मारुतीच्या घंटेला फडकं गुंडाळलं. आमच्या गल्लीतून जाणाऱ्या बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा निघाल्या. बायकांनी उखळं परसात लांब नेली. अवघं कुरुंदा आमच्यासाठी चवड्यांवर चालत होतं.

भुंकत होती ती एकटी भिंगरी.

आणि ती भुंकली की आत दादांचं अंग ताणलं जायचं. शुद्ध पुरती होती त्यांना, सगळं कळत होतं. मी दाराच्या फटीतून बघायची आणि पदराचा बोळा तोंडात कोंबायची. बांधली तर ती जास्त भुंके. काकांनी तिला कळमनुरीच्या वाटेवर लांब नेऊन सोडलं. तिसऱ्या प्रहरी ती धुळीनं माखून परत आली, आणि घर सापडल्याच्या आनंदात दारातच अशी भुंकली... त्या वेळी दादांचे ओठ निळे पडले. काही क्षण छातीच हलेना.

काकांनी कोपऱ्यातली काठी उचलली. काका दुष्ट नव्हते. भावासाठी त्यांचा जीव तुटत होता, आणि कुत्रीपेक्षा भाऊ मोठा, यात चूक काय? पण मी भिंगरीचं तोंड हातानं आवळून तिला उचललं आणि धावत सुटले ती थेट रानात, मेंढ्यांपाशी.

"हिला गप करा," मी म्हटलं. मला धाप लागली होती, रडूही येत होतं. "न्हाईतर काका हिला मारतील. आन न्हाई मारलं तं दादा..."

दगडोबानं भिंगरीला माझ्या हातातून घेतलं.

"आधी दमवा लागंल," तो म्हणाला. "अंगात रग हाय तवर कुणीबी गप बसत न्हाई. मंग शिकवा लागंल. उद्या दुपारी आणतो."

पहाटेपासून तो तिला मेंढ्यांमागे पळवायचा, पार ओढ्यापलीकडे. दुपारी ती दमून लोळागोळा झाली की आमच्या अंगणात घेऊन यायचा आणि लिंबाखाली बसायचा, थेट दिवेलागणीपर्यंत. मेंढ्या रुख्मिणीबाई बघायची. रस्ता दिसू नये म्हणून त्यानं फाटकाला घोंगडी बांधली. भिंगरीचे कान उभे राहिले की तिनं तोंड उघडण्याआधीच त्याचा तळवा जमिनीवर. गप राहिली की तुकडा. आधी एका श्वासाला एक तुकडा, मग दहा श्वासांना, मग घटकेला एक.

बोलायची तर अंगणात बंदीच होती. म्हणून आम्ही खुणांनी बोलायला लागलो.

दादांनी दूध घेतलं की मी ओठांना बोट लावायची, तो मान डोलवायचा. झटका आला की मी नुसती दाराशी येऊन उभी राहायची – त्याला चेहऱ्यावरूनच कळायचं. मग तो माझ्याकडे बघत आपला तळवा हळूच जमिनीवर टेकायचा. भिंगरीसाठी नव्हे. माझ्यासाठी. आणि खरं सांगते, माझ्या काळजाची धडधड त्या हातानं खाली बसायची. मी त्याला भाकरी नेऊन द्यायची, तर तो बोटानं विचारायचा, तुमी? मी 'जेवले' अशी खोटी मान हलवली की भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे धरायचा. मी घास घेईपर्यंत त्याचा हात तसाच. इतकी बडबडी मी, पण त्या दिवसांत त्याच्याशी जेवढं बोलले तेवढं उभ्या जन्मात कुणाशी बोलले नव्हते.

दुखण्याच्या अकराव्या दिवशी तो आडावर पाणी आणायला गेला होता आणि तेवढ्यात अंगणाच्या भिंतीवर एक थोराड वानर येऊन बसलं. भिंगरी ताडकन उठली. तिच्या पाठीवरचे केस उभे राहिले होते. आत दादांचा नुकताच डोळा लागला होता. माझ्या घशात तीच जुनी हाक आली – 'भिंगरे, गप!' – आणि मी ती तिथंच गिळली. खाली बसले. तळवा जमिनीवर टेकला.

भिंगरीनं वानराकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. तिचं सगळं अंग थरथरत होतं, घशात नुसती घुरघुर... आणि ती बसली. वानर आरामात हातातली शेंग खाऊन निघून गेलं. मी भिंगरीला छातीशी धरलं तेव्हा फाटकात दगडोबा उभा होता, भरलेली घागर तशीच खांद्यावर. त्याचे डोळे भरून आले होते. त्याच घडीला मला कळलं, की आता या माणसावाचून आपलं काही खरं नाही.

एकविसाव्या दिवशी दादांनी तोंड उघडून भाकरीचा कुस्करा खाल्ला. डॉक्टर म्हणाले, आता भीती नाही. मारुतीच्या घंटेचं फडकं निघालं आणि साऱ्या गावानं एकेकदा ती वाजवून घेतली.

दगडोबाला पंधरा दिवसांपूर्वीच पुढच्या गावी जायला हवं होतं. त्या संध्याकाळी त्यानं फाटकाची घोंगडी सोडली, खांद्यावर टाकली, माझ्याकडे पाहिलं... आणि गेला. एक शब्द नाही. मी चार दिवस भांडी आदळत होते. आता आदळायला मोकळीक होती ना.

दादा काठी टेकत अंगणात येऊन बसू लागले. एक पाय ताठच राहिला, तो कायमचा. ते मुद्दाम खाकरायचे. भिंगरी शेपूट हलवायची, त्यांचे हात चाटायची. पण आवाज नाही. गाडी आली, मांजर आलं, तरी गप. दादा कासावीस झाले.

"माझ्यापायी लेकरू मुकं झालं," ते म्हणाले. मग माझ्याकडे निरखून बघत राहिले. "अनसूया, संतरामसंगं गाडीत बस. त्या पोराला इचारून ये, हिला बोलती कशी करावी. आन... तुला दुसरं काय इचारायचं असंल तं तेबी इचार."

मेंढ्या जवळा बाजारच्या अलीकडे एका पडीक रानात होत्या. काका बैलांना पाणी पाजायला म्हणून मागेच रेंगाळले. दगडोबा मला बघून उभा राहिला.

"भिंगरी भुकत न्हाई," मी म्हटलं. "बोलायची खूण कोणती ते सांगा."

"तशी खूण म्या शिकवलीच न्हाई."

"काहून?"

"गप बसवायच्या नादात ध्यानातच आलं न्हाई." तो खाली बघत होता. "माझंबी तसंच झालं. तुमच्या घरी जीव टांगणीला लागलेला. अशात म्या काय बोलावं? मंग दादा बरे झाले. तवर गप राहायची सवय पडली."

"दादा बरे होऊन पाच दिवस झाले."

"व्हय... मोजून राहिलो."

मी खाली बसले. तळवा जमिनीवर टेकला, आणि त्याच्याकडे बघत हळूहळू वर उचलला.

"आता बोला," मी म्हटलं.

त्यानं माझ्या तळव्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "पयल्या दिवशी कुत्रीसाठी बसलो तुमच्या दारात. दुसऱ्या दिवसापासून तुमच्यासाठी. माझं रान न्हाई, घर न्हाई, साल सारं वाटंवर जातं. तरी... याल का माझ्यासंगं?"

"येते," मी म्हटलं. "पण मी वरडते बघा."

"वरडा," तो म्हणाला. "लई दिवस झाले ऐकून."

वैशाखात आमच्याच अंगणात मांडव पडला. वाजंत्रीवाले आले, पण दाराशी येताच त्यांनी आपोआप हात आखडता घेतला. सनई दबकत वाजू लागली, डफावर नुसती बोटं फिरू लागली. माझ्या बापाच्या उंबऱ्याशी सगळ्या गावाला तीच सवय लागली होती.

दादांनी काठी आपटली. "जोरात वाजवा," ते म्हणाले. त्यांचा आवाज फुटला होता. "जित्या माणसाचं घर हाय हे. माझी लेक चालली, साऱ्या मुलखाला ऐकू गेलं पाहिजे."

डफ कडाडला. आणि त्या आवाजावर, इतक्या दिवसांनी, भिंगरी भुंकली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. मुंडावळ्या बांधलेल्या दगडोबाचा तळवा सवयीनं खाली निघाला होता. मी अंतरपाटाच्या कडेखालून तो हात जमिनीकडे जाताना पाहिला. मग तो अर्ध्यावरच थांबला.

दादा रडत होते आणि भिंगरीला कुणी गप बस म्हणालं नाही.