एकच डिस्क दिसली

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. शाळा आठवीतच सुटली, तेव्हा शब्दही साधेच आहेत.

गल्लीच्या टोकाला एका रेकॉर्डिंगवाल्याची खोली होती. खिडकी नाही, भिंतींना जाड फोम. दार लावलं की भरदुपारीही काळोख. जुना संगणक धापा टाकायला लागला म्हणून त्यानं नवा आणला आणि त्यावर संगणक चालवणारं नेहमीचं लिनक्स चढवायला घेतलं. फुकटचं, खुलं, आवाजाच्या कामात कधी दगा न दिलेलं. पेनड्राइव्हवर चार वर्षांपूर्वीची प्रत तयारच होती. रेकॉर्डिंग उतरवून घ्यायला जुनी डिस्कही त्यानं शेजारी जोडून ठेवली.

यादीत एकच डिस्क दिसली. एकच आहे म्हणजे नव्या मशीनचीच, असं धरून त्यानं ‘सगळं पुसा’ दाबलं. लिनक्सच्या त्या जुन्या प्रतीला नवी डिस्क ओळखताच येत नव्हती, हे नंतर कळलं. पुसली गेली ती जुनी.

तिच्यावर बाई होत्या. शेजारच्या शिक्षिका. घशाच्या ऑपरेशनआधी नातीसाठी गोष्टी सांगून ठेवायला आल्या होत्या. वर्ग दणाणून सोडणारा आवाज. “हा गेला की सगळ्यात खूश जावई होईल बघ,” म्हणत हसल्या होत्या. ऑपरेशननंतर त्या घरी परत आल्याच नाहीत. आणि दुसरी प्रत त्यानं काढलीच नव्हती.

बाईंची मुलगी दोनदा येऊन गेली.

“झालं का रे? पोरगी रोज डोकं खाते.”

“थोडी साफसफाई राहिलीय, ताई. आवाजाची.”

“कर सावकाश. तुझ्या हातात आहे म्हणून मला घोर नाही.”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दुपारी त्यानं लिनक्सची नवी आवृत्ती चढवली. आता सगळं सुरळीत दिसलं. कामाआधी तो नेहमी रिकाम्या खोलीची शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करायचा. त्या शांततेतला खरखराट पुढे बोलण्यातून वजा करायचा असतो. तो श्वास रोखून बसला. पडद्यावरची, आवाज आला की हलणारी हिरवी पट्टी हलली... थांबली... पुन्हा हलली. औषधाचा वास आल्यासारखं वाटलं. त्यानं माइककडे पाहिलं. त्याची वायर जोडलेलीच नव्हती.

हेडफोन लावून त्यानं ऐकलं. आधी नुसता श्वास. मग अगदी कानाशी, फाटकी कुजबूज, “सांगितलंस का रे तिला...?”

नवी यंत्रं नीट जुळली नाहीत की आवाज फाटतो, असं तो स्वतःला समजावत राहिला. पण ‘तिला’ म्हणजे कुणाला, हे त्याला कुणी समजावायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ताईच्या दारात जाऊन उभा राहिला.

“ताई, बाईंच्या गोष्टी माझ्या हातून पुसल्या गेल्या. साफसफाई वगैरे सगळं खोटं होतं.”

ताई उंबऱ्यावर बसली. “काहीच नाही उरलं?”

त्यानं फोनवर ते अर्धं मिनिट ऐकवलं.

“हे... कुठून आणलंस?”

“बाईंचा आवाज असा नव्हता, मला कळतंय, पण...”

“ऑपरेशननंतर आई अशीच बोलायची. शेवटचे आठ दिवस. तिथे दवाखान्यात माझ्याशिवाय कुणीच नव्हतं रे...”

फोन त्याच्या हातातून घेऊन ती आत गेली. कडी लागली. तो बाहेर थांबून राहिला. रेकॉर्डिंग अर्ध्याच मिनिटाचं होतं. आत ताई कितीतरी वेळ, मधेमधे थांबत, हळू आवाजात कुणाला तरी उत्तरं देत होती.