आण्णासाहेबांचा अंगठा

अगं ऐक ना, ते ताट बाजूला ठेव आधी. जेवताना ऐकायची गोष्टच नाहीये ही. आपली उम्मेहानी, आपली हानी गं, धाराशिवहून आलीये ना, आल्यापासून बेसिनपाशी उभी आहे. नाक घासतेय नुसती, अख्खा साबण संपवला पोरीनं. तिनं सांगितलं तसंच्या तसं सांगते तुला.

तिचं काम तर तुला माहितीये. सरकारी ऑफिसांच्या सिस्टीममधे कुणाचा आयडी चालू ठेवायचा, कुणाचा बंद करायचा ते बघणं. माणूस रिटायर झाला, वारला, की आयडी बंद. इथं बसल्या बसल्या होतं ते. पण बेंबळीच्या रस्त्याला एक ऑफिस आहे, कुठलं खातं ते विचारू नकोस, तिथल्या आण्णासाहेब नावाच्या हेडक्लार्कचा आयडी काही केल्या बंद होईना. माणूस दिवाळीत वारलेला, आणि आयडी रोज कामावर! सकाळी अंगठा लागतोय, फायली मंजूर होतायत.

आता मेलेला माणूस हजर दिसतोय म्हटल्यावर जागा रिकामी कशी होणार? त्या जागेवर त्याच्या मुलीला, शिवांजलीला, अनुकंपा तत्त्वावर घ्यायचं होतं. सोमवारी मुदत संपत होती. ती हुकली की नोकरी गेली कायमची. म्हणून ही बया शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी तिथं पोचली.

बाहेर ऊन रणरणतंय, रस्त्यावर कुत्रं नाही. व्हरांड्यातल्या बाकावर शिवांजली, नवा ड्रेस घालून, मांडीवर पेढ्यांचा पुडा. आत मिट्ट अंधार, कारण खिडक्यांना आडवी कपाटं लावलेली. उजेड फक्त अंगठ्याच्या मशीनचा, हिरवा. आणि वास... प्लॅस्टर कापल्यावर आतल्या पायाला येतो ना, तो. कुठंतरी काहीतरी ओलं टेकत होतं आणि सुटत होतं. थांबून थांबून. चप... चप...

आत महारुद्रमामा, तिथले शिपाई, तंबाखू मळत बसलेले.

"मामा, आण्णासाहेबांच्या नावानं अंगठा कोण लावतं?"

"कोण म्हंजी? त्येच लावत्यात."

"ते वारलेत ना?"

"व्हय की. मयतीला गेल्तो म्या."

असं म्हणून मामांनी ड्रॉवर ओढला. स्टीलचा डबा. डब्यात ओलं फडकं. आवाज त्यातनंच येत होता.

"साचा हाय म्याडम. गोंदाचा. आण्णासाब रजेवर गेल्यावर काम आडू नये म्हून त्येंच्या हयातीतच काढल्याला."

असले नकली अंगठे हानीनं पाहिलेत. पिवळट, रबरासारखे. हा तसला नव्हता. हा गुबगुबीत होता. कातडीला भोकं होती, भोकांत घाम होता, आणि सांध्यावर दोन केस.

आपण कसं, मशीननं अंगठा घेतला नाही की तो नाकावर घासतो? तेलकट झाला की पकडतं. तर ह्या अंगठ्याला नाक कुठनं आणायचं? मग जो असेल तो आपल्याच नाकावर घासायचा, कपाळावर, मानेवर. रोज. अख्ख्या ऑफिसच्या घामावर पोसलेलं होतं ते!

"नख बी वाढतंय ओ," मामा म्हणाले आणि खिशातनं नेलकटर काढून दाखवला. "मोठ्या साहेबांनी मलाच लावलंय त्या कामाला. आता काय बोलायचं!"

 पटकन आयडी बंद करून पळावं म्हणून हानीनं लॅपटॉप उघडला, तर स्क्रीनवर एकच ओळ: मंजुरी हवी, आण्णासाहेबांची. सिस्टीम बसवताना कुण्या शहाण्यानं आयडी बंद करायचा हक्क त्या एकट्याला देऊन ठेवलेला. म्हणजे त्याचा आयडी बंद करायला त्याचाच अंगठा.

"मामा, तुम्ही घासा ना..."

"माझ्या नाकाला तेलच न्हाय म्याडम. म्हातारं नाक."

तेवढ्यात दारातनं शिवांजली, हळूच, "ताई... आज व्हईल ना ओ?"

झालं. हानीनं डोळे मिटले आणि तो उचलला. गरम. गालाच्या आतल्या बाजूसारखा मऊ. नाकावरनं फिरवला, आणि तिनं हात थांबवला तरी तो फिरतच राहिला... घसरत घसरत वरच्या ओठावर येऊन टेकला. चप.

मशीनला लावला. हिरवा दिवा. आयडी बंद! हातातला अंगठा तिथल्या तिथं आक्रसला, वाळक्या गोंदाची खपली उरली नुसती. बाहेर जाऊन ओकली ती. पण सुटले, असं वाटलं तिला. तोंड धुऊन तिनं शिवांजलीला आत बोलावलं.

तर मामांच्या फोनवर ऑफिसचे मोठे साहेब, रणधीर साहेब. "झालं का? बेस! आता पोरीचा अंगठा घ्या. आन् मामा, साचा काढून ठेवा लगोलग. बाईमाणूस, उद्या लग्न, बाळंतपण... काम आडाया नको."

मामांनी तंबाखू थुंकला आणि गोंदाचा गोळा मळायला घेतला. त्याच हातांनी.

"देऊ नकोस साचा," हानी कुजबुजली.

"न्हाई म्हणल्यावर रुजू करून घेतील व्हय ताई?" शिवांजलीनं अंगठा गोळ्यात रुतवला. आणि हसायला लागली. "अय्या, गुदगुल्या व्हायल्यात..." बराच वेळ अंगठा निघेचना. निघाला तेव्हा लांब, चिकट तार आली त्याच्याबरोबर.

हानीनं तिचा अंगठा पुसून मशीनवर ठेवला. घेईना. नाकावर घासून ठेवला, तरी घेईना. उजेडाकडं वळवून बघितला... एक रेघ नाही, गं. साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत.

मामांनी गोळा मशीनवर ठेवला. हिरवा दिवा.

शिवांजलीचं अंगठ्याकडं लक्षच नव्हतं. ती स्क्रीनवर आलेलं आपलं नाव वाचत होती, डोळे भरलेले. पेढा हानीच्या तोंडापाशी धरून म्हणाली, "झालं ना ताई? लागले ना मी?"

आण्णासाहेबांचा आयडी गेल्यावर बंद करायचा हक्क हानीकडं आलेला, तो नवा आयडी तिथल्या तिथं उडवणं आता तिच्या हातात होतं. एक बटण. पण मग नोकरीही गेली पोरीची. आणि मामा तर तो गोळा ओल्या फडक्यात गुंडाळायला पण लागले होते... आणि फडकं हळूहळू वरखाली होत होतं.

हानीनं पेढा खाल्ला आणि निघून आली. तिला काय बोलू मी? तू असतीस तर काय केलं असतंस, सांग?