सहावी जागा

कुंदन ओझरच्या विमान कारखान्यात वायरिंगच्या कामावर होता. तिथे प्रत्येक वायरीच्या टोकाला नावाची पट्टी लागायची, आणि जोडणीची जागा रिकामी असली तरी ती बिननावाची सोडायची नाही असा नियम होता. बारा वर्षांत तो नियम त्याच्या अंगात इतका मुरला होता की स्वयंपाकघरातल्या डब्यांवरही ‘हळद’, ‘मोहरी’ अशा पट्ट्या चिकटल्या होत्या. त्याची आई शकुबाई म्हणायची, “बरं झालं बाबा, नायतर मला मीठ ओळखू आलं नसतं!”

२००३च्या जानेवारीत त्याने घरच्या घरी एक मिक्सर बनवला. संगणकात आवाज आत सोडायला एकच छिद्र, आणि त्यात वाटा दोनच, डावी आणि उजवी. वाद्यं मात्र अनेक. म्हणून प्रत्येक माइकला वर-खाली सरकणारं वेगळं बटण, आवाजाबरोबर हलणारा वेगळा काटा, आणि शेवटी सगळ्यांची मिळून एक वायर. एकदा त्या वायरीत आवाज मिसळले की पुन्हा वेगळे काढता येत नाहीत. जे काही करायचं ते आधीच.

घाई होती ती निवृत्तीअण्णांमुळे. त्यांच्या, म्हणजे कुंदनच्या वडिलांच्या, घशात गाठ निघाली होती आणि गुरुवारी ऑपरेशन होतं. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. चाळीस वर्षं हा माणूस भीमजयंतीच्या मंडपात गायला, पण आवाजाची एक कॅसेट कुणाला भरू दिली नाही. ‘ऐकायचं तर समोर येऊन बसा’ हा त्यांचा खाक्या. आता मात्र कुंदनच्या सव्वा वर्षाच्या सृष्टीला मांडीवर घेऊन ते स्वतःच म्हणाले होते, “कुंदन, पोरीसाठी एक गाणं तरी ठिवून दे. आजा मुका होता असं नको वाटायला तिला.”

रविवारी दुपारी कॉलनीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात सतरंजी अंथरली. जवळच्या द्वारका चौकातले ट्रकचे हॉर्न आत येऊ नयेत म्हणून खिडक्यांना गोधड्या टांगल्या. अण्णांची गायनपार्टी नेहमीच्या क्रमाने बसली. डावीकडे ढोलकी घेऊन भिमाजीकाका, मधे पेटीवर अण्णा, त्यांच्याजवळ टाळ घेऊन शकुबाई. आणि अगदी उजवीकडे भिकाची जागा.

भिका तुणतुणं वाजवायचा. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती, पण पार्टीने त्याची जागा भरली नव्हती. प्रत्येक कार्यक्रमात त्याचं तुणतुणं तार सैल करून त्याच्या जागेवर ठेवायचे आणि तिथे कुणी बसायचं नाही. तशी रीतच पडली होती.

मिक्सरला सहा जागा होत्या. अण्णांचा आवाज, पेटी, ढोलकीची दोन तोंडं आणि शकुबाई, अशा पाच भरल्या. सहावीत काहीच जोडायचं नव्हतं, पण ती बिननावाची सोडणं कुंदनच्या जिवावर आलं. त्याने पट्टीवर ‘भिका’ लिहिलं, ती चिकटवली, आणि बाकीच्यांच्या बरोबरीने तेही बटण अर्ध्यावर आणलं. भिका उजवीकडे बसायचा, म्हणून त्या जागेचा आवाजही उजव्या वाटेला लावला. अण्णांना ते फार आवडलं.

“जयभीम भिकाशेठ,” भिमाजीकाका पट्टीकडे बघून म्हणाले. सगळे हसले.

पहिलं गाणं छान झालं. कुंदनने ते लावलं, आणि उजव्या स्पीकरमधून तुणतुण्याचा आवाज आला. अगदी लयीत.

सगळ्यांनी भिकाच्या जागेकडे पाहिलं. सतरंजीवरच्या तुणतुण्याची तार सैल होऊन लोंबत होती.

“कुठल्या तरी वायरीतून गुणगुण येत असेल,” कुंदन म्हणाला. त्याने जोडण्या तपासल्या. सगळ्या पक्क्या होत्या. डाग असलेलं काम पुढे द्यायचं नाही, ही कारखान्याचीच सवय. त्याने ते गाणं पुसून टाकलं आणि म्हणाला, “अण्णा, अजून एकदा होईल?”

त्या एका वाक्याबद्दल त्याने पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

अण्णा कोमट पाणी प्यायले आणि पुन्हा गायले. या वेळी तुणतुणं जास्त ठळक होतं. आणि अण्णांचा आवाज, जो बरोबर मधोमध यायला हवा होता, तो उजवीकडे सरकला होता.

“अहो, तुम्ही जागा बदलली का?” शकुबाईंनी विचारलं.

“मी इथंच तर हाये,” अण्णा म्हणाले. त्यांचा घसा आता बसत चालला होता.

कुंदनने तेही पुसलं. तिसऱ्या वेळी हेडफोन लावून तो मिक्सरपुढे बसला. नजर काट्यांवर.

गाणं सुरू झालं. अण्णांच्या नावाचा काटा निपचित पडला होता. सहावा हलत होता.

त्याने अण्णांचं बटण पूर्ण खाली आणलं. आवाजात काही फरक पडला नाही.

मग त्याने ‘भिका’ खाली आणलं.

समोर अण्णांचं तोंड हलत होतं, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. हेडफोनमध्ये पेटी होती, ढोलकी होती, टाळ होते. अण्णा नव्हते.

सहावी बंद केली तर आवाज राहणार नव्हता. उघडी ठेवली तर तो कुणाकडे जात होता, कोण जाणे. आणि घसा उरला होता तो एवढ्या एका गाण्यापुरता. विचार करायला वेळच नव्हता.

त्याने बटण पुन्हा वर नेलं.

गाणं संपल्यावर अण्णांनी ते डोळे मिटून ऐकलं. डावा स्पीकर त्यांच्या आवाजाविना वाजत होता. ते घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाले, “भिकाला खेटून बसलोय जसा.” त्यानंतर त्यांना बोलताच आलं नाही.

कुंदनने त्याच दिवशी मिक्सरची सगळी बटणं शून्यावर आणली, वायरी काढून गुंडाळल्या आणि मिक्सर टेबलावर ठेवला. ऑपरेशन गुरुवारी नीट पार पडलं.

तीन आठवड्यांनी अण्णा घरी आले. गळ्याला भोक, हातात सृष्टीची पाटी. त्या दुपारी सृष्टीला आजाचा आवाज ऐकवायचा म्हणून कुंदनने संगणक लावला. पेटी आली, ढोलकी आली, टाळ आले. तुणतुणं नव्हतं. अण्णाही नव्हते. त्याने पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तो रडकुंडीला आला.

“अण्णा, आवाज होता हो! तुम्हीपण ऐकलाय ना?”

अण्णा संगणकाकडे बघतच नव्हते. ते खाटेवर बसून टेबलाकडे बघत होते. त्यांच्या गळ्याच्या भोकातून श्वास सूं सूं करत होता, गाऊन दमलेल्या माणसासारखा, पण त्याच गाण्याच्या लयीत.

कुंदनने वळून पाहिलं. मिक्सरला ना वायर, ना वीज. पाच काटे पडलेले. सहावा हलत होता. अण्णांच्या प्रत्येक श्वासाबरोबर वर, मग खाली.

अण्णांनी पाटीवर सावकाश लिहिलं आणि ती त्याच्यापुढे धरली.

‘भिकाला म्हणावं आता पुरे. मला धाप लागते.’

कुंदनने झेप घेऊन सहाव्या बटणाला हात घातला. ते आधीपासून शून्यावरच होतं.