बंद झाकणाआडचा प्रकाश

दुर्बिणीचा घुमट दिवसा बंद असे, पण तिथल्या संशोधिकेचं काम दुपारीच सुरू व्हायचं. तळघरात पोलादी टाकीत वर्णपटमापक ठेवला होता. ताऱ्याचा प्रकाश पिंजून त्यातल्या हजारो रेषा वेगळ्या करणारं यंत्र. तारा लांब जात असला की रेषा तांबड्या रंगाकडे सरकतात, जवळ येत असला की निळ्याकडे. यंत्र इतकं काटेकोर, की माणसाच्या चालण्याइतका वेगसुद्धा त्याच्या नजरेतून सुटत नसे.

रोज दुपारी तीन ते चार ती टाकीचं झाकण लावून, दिवे मालवून कोरे फोटो घ्यायची. कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट किती, ते त्यातून कळे. कोऱ्या फोटोत प्रकाश आलाच, तर तो फोटो कुणाला न दाखवता परस्पर रद्दीत टाकायचा, हा नियम प्रोग्राममध्ये तिनेच घातला होता. एवढ्या वर्षांत ती रद्दी तिने कधी उघडली नव्हती.

परवा डिस्क भरली म्हणून उघडली. आत हजारो फोटो, आणि सगळ्यांत रेषांची एकच ठेवण. पहिल्या फोटोची तारीख तिने पुन्हा पुन्हा पाहिली. आठ वर्षांपूर्वी त्याच दुपारी तिचा धाकटा भाऊ, याच यंत्राचा मेकॅनिक, टाकीचे बोल्ट आवळून म्हणाला होता, "ताई, जरा पाय मोकळे करून येतो." गेला तो गेलाच.

असल्या गोष्टींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तिने दिवे, केबली, झाकण, सगळं तपासलं.

"मॅडम, या झाकणातून मुंगी शिरणार नाही," दुर्बिणीचा ऑपरेटर म्हणाला. "प्रकाश कुठला शिरतोय?"

मग तिने वेग काढला. सेकंदाला सव्वा मीटर, माणसाच्या चालीचा, लांब जाणारा. एकशे ऐंशी दिवस तसाच. पुढे सात वर्षं शून्य. आणि मग एका दुपारी रेषा निळ्याकडे वळल्या होत्या, तेवढ्याच वेगाने.

ती दुपार तिला चांगली आठवत होती. भाऊ मेला असं जाहीर करण्याचा अर्ज तिने सहीसाठी आईपुढे ठेवला होता आणि आईने तो टराटरा फाडला होता.

"मला भेटल्याशिवाय जायचा नाही तो," आई म्हणाली होती. "येईल."

आज परतीचा एकशे ऐंशीवा दिवस होता. जिथून निघाला तिथेच तो पोचणार, असा तिचा हिशेब होता. हा वेडेपणा आहे हे कळत असूनही तिने तळघराचं दार सताड उघडलं आणि स्क्रीनसमोर बसून राहिली. तिला भाऊ परत हवा होता. कसाही.

तीन पन्नासचा फोटो आला. वेग शून्य.

ती वळली. टाकीपाशी कुणी नव्हतं. जिन्यावरही नव्हतं.

का कोण जाणे, तिने घरी फोन लावला.

"आई, बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? थांब हं, दारात कुणीतरी आलंय."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. कडी निघाली. मग काहीच ऐकू येईना.

"आई?"

चारचा फोटो स्क्रीनवर उमटला. रेषा पुन्हा तांबड्याकडे सरकल्या होत्या. त्यांच्या मधल्या मोकळ्या जागांत आता आणखी रेषा होत्या, निराळ्या ठेवणीच्या, फिकट.

"आई, ऐकतेस ना?"

दोन्हींचा वेग एकच होता. सव्वा मीटर नव्हे. त्याच्या निम्म्याहून कमी, आईच्या दुखऱ्या गुडघ्यांना झेपेल इतका.