टाकीखालचा नंबर

"सदर वाहनावर कोणत्याही वित्तसंस्थेचा अथवा व्यक्तीचा बोजा, तारण वा हक्क नसल्याचे याद्वारे प्रमाणित करण्यात येत आहे."

वाक्य देखणे आहे. व्याकरणात खोट नाही, शिक्का सरळ बसला आहे, सही वळणदार आहे. दोष एकच: ते खोटे आहे.

'वाहन' म्हणजे काय? नोंदणी कार्यालयाच्या लेखी वाहन म्हणजे सांगाडा, ज्याला लोक चेसी म्हणतात. कारण या दाखल्याच्या अर्जात रकाना आहे तो चेसीच्या नंबराचा. मोटरसायकलला इंजिन नावाचा एक अवयव असतो, त्यावरही एक नंबर ठोकलेला असतो, आणि हा अवयव आपल्या सांगाड्याशी काडीमोड घेऊन जुन्या बाजारात खुशाल दुसरा घरोबा करतो, हे कोणत्याही गॅरेजवाल्याला ठाऊक असते. कार्यालयाला नसते. आणि 'प्रमाणित' म्हणजे काय? तर ज्याने सही केली त्याने गाडी पाहिलेली नाही. जे रकान्यात मावत नाही ते जगातच नाही, हे तत्त्वज्ञान पूर्वी विरक्त माणसे फुकट सांगत. हल्ली त्याचे शुल्क भरावे लागते.

तिने ते भरले होते. रांगेत उभी राहून, सुटे पैसे देऊन.

ती काही भोळी नव्हती. जुन्या हस्तलिखितांच्या प्रती एकमेकींशी ताडून पाहणे आणि कोणत्या नकलकाराची डुलकी कुठे लागली ते शोधणे हाच तिचा पेशा. घरात दादा तिला 'ताडपत्री' म्हणे. सगळे ताडून पाहते म्हणून, आणि कितीही ओता, कोरडीच राहते म्हणूनही. संशोधन संस्थेतल्या ज्या जागेची तिने वर्षानुवर्षे वाट पाहिली ती यंदा निघाली, आणि तिच्यासोबत अट निघाली: आडबाजूच्या घरांमधले जुने कागद पाहायला हिंडावे लागेल, तेव्हा वाहन स्वतःचे हवे. वाहन नाही तर जागा नाही. नवी गाडी परवडणार नव्हती. जुनी घ्यायची, तर पारखून.

आणि नेमक्या त्याच दिवसांत, रस्त्याने चालता चालता, तिच्या चष्म्याची काडी निखळली.

समोर दिसेल त्या चष्म्याच्या दुकानात ती जवळजवळ चाचपडतच शिरली. आत काच घासायच्या चाकावर पाण्याची बारीक धार पडत होती, आणि चाकामागे कुणीतरी उंच, अस्पष्ट, हसतमुख बसले होते. हसतमुख आहे हे आवाजावरून कळले.

"या, बसा. स्क्रू पडलाय ना? कुठं पडला?"

"ते माहीत असतं तर इथं आले असते का?"

"बरोबर आहे," तो म्हणाला. "द्या इकडे. तोवर इकडंतिकडं बघा... म्हणजे, जमेल तेवढं."

जमेल तेवढे बघताना तिला दारात एक लाल धब्बा दिसला. जवळ जाऊन तिने नाक लावले, तेव्हा तो मोटरसायकलचा झाला. हँडलला पाटी: विकणे आहे.

"कोणाची?"

"माझी. का, घेताय?" चष्मा हातात घेऊन तो बाहेर आला.

"बोजा?"

"बोजा कसला! कर्ज फेडून झालंय केव्हाच."

"तुमचं म्हणणं नको. पुरावा हवा."

"अहो बाई, तुम्ही लग्नाच्या मुलाकडंसुद्धा दाखला मागाल!"

"अर्थातच. मुलाकडं तर दोन."

तो मोठ्याने हसला. ती हसली नाही. तिने वाकून टाकीखाली पाहिले. तिथे काहीतरी कोरल्यासारखे होते. तिने त्यावर बोट ठेवले.

"इथं काय लिहिलंय?"

"नंबर... इंजिनाचा."

"म्हणजे नोंदणीपुस्तकातलाच," ती म्हणाली, आणि सरळ झाली. तो चष्म्याची काच पुसत होता. मग त्याने तो स्वतःच तिच्या डोळ्यांवर ठेवला. बोटे कानाजवळ क्षणभर थबकली, ओली, काचेच्या भुकटीने खरखरीत... आणि जग एकदम कडेकोपऱ्यांसह जागेवर आले. त्या जगात सर्वांत आधी त्याचे डोळे होते. तिने नजर वळवली आणि गाडीचे कागद मागितले.

पुढचे सगळे तिने आपल्या पद्धतीने केले. कर्ज फिटल्याचे वित्तसंस्थेचे पत्र पाहिले, पत्रावरची सही दुसऱ्या पत्रावरच्या सहीशी ताडली. कार्यालयाकडून वर दिलेले सुंदर वाक्य मिळवले. कागद कागदाशी तंतोतंत जुळला. प्रत्यक्ष लोखंडाकडे तिने पुन्हा पाहिले नाही; पोथ्यांत वाढलेल्या माणसाला तशी सवय नसते. साठवलेले सगळे पैसे मोजून तिने गाडी घेतली.

मग, का कोण जाणे, गाडी सारखी कुरकुरू लागली. आज आरसा ढिला, उद्या उभी करायची घोडीच लागत नाही. वास्तविक गॅरेज त्याच्या मावसभावाचे, दुकानाला लागूनच. तक्रार तिथे सांगायची. पण ती आधी चष्म्याच्या दुकानात जाई.

"तुमच्या गाडीचा आरसा—"

"तुमच्या," तो दुरुस्त करी. "विकली मी."

एकदा झिमझिमत्या पावसातून ती आली. काचांवर थेंब, त्यापलीकडे सगळे विरघळलेले. न विचारता त्याने हात पुढे केला, न बोलता तिने चष्मा काढून दिला. एवढेच घडले. दुकानातली दोन गिऱ्हाइके मात्र एकाएकी भिंतीकडे पाहू लागली.

"डोळे तपासू का? फुकट," पुसलेला चष्मा परत देत तो म्हणाला. "वाचा त्या तक्त्यावरची शेवटची ओळ."

"ती चुकीची छापलीय."

"काय?"

"शब्द 'सावली' आहे. इथं 'सावळी' छापलंय."

त्याने जवळ जाऊन पाहिले. "अरेच्चा! आजवर सगळं गाव 'सावली'च वाचत आलं."

"गाव अंदाजानं वाचतं."

"आणि तुम्ही?"

"मी जे आहे ते वाचते."

"मग कधीतरी माझ्याकडं बघून वाचा ना..." तो हळूच म्हणाला. तिचे कान तापले. ती म्हणाली, "घोडी नीट करून ठेवा," आणि निघाली.

"हसलात तर काही दंड बसतो का हो?" त्याने मागून विचारले.

"मी कामात हसत नाही."

"काम कसलं? आरसा बघायला आलाय तुम्ही!"

त्या संध्याकाळी दादा म्हणाला, "ताडपत्री, तुझी गाडी आजारी आहे की तू?" आईने त्याच्याकडे असे पाहिले, की त्याने उरलेले जेवण मान खाली घालून संपवले.

अशा स्थितीत, संस्थेच्या दारात, भर दुपारी, एका वेगळ्याच वित्तसंस्थेचा वसुलीवाला आला. सभ्य माणूस होता. अशा कामाला हल्ली सभ्य माणसेच नेमतात. गाडीजवळ उकिडवा बसून त्याने टाकीखालचा नंबर वाचला, मोबाइलमधल्या नंबराशी ताडला. तिला ती पद्धत ओळखीची वाटली.

"बाई, हे इंजिन आमचं आहे."

तिने पत्र पुढे केले. त्याने ते आदराने वाचले.

"पत्र अगदी बरोबर आहे. सांगाडा तुमचा. चाकं, हँडल, आरसे, सगळं तुमचं. हे इंजिन दुसऱ्या गाडीतलं आहे. त्या गाडीच्या मालकानं हप्ते बुडवले आणि गाडी भंगारात फुंकली. तुम्ही सांगाडा ठेवून घ्या, आमची हरकत नाही."

"आणि तो चालवायचा कसा?"

"ते पत्रात नाही," तो म्हणाला. चेष्टेने नव्हे, खरोखरच.

गाडी टेम्पोवर चढली. संस्थाप्रमुख खिडकीतून पाहत होते. त्यांनी हळहळ व्यक्त केली आणि वाहन आणायला सोमवारपर्यंत मुदत दिली. हळहळ आणि मुदत या दोन्ही गोष्टी देणाऱ्याला स्वस्त पडतात.

ती चालत दुकानात गेली. रागाने माणूस लाल होतो असे म्हणतात. ती पांढरी झाली होती.

"इंजिन बदललेलं होतं?"

चाक फिरायचे थांबले. पाणी गळत राहिले.

"...हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"बदललंय हे माहीत होतं. बोजाचं खरंच—"

"मी तुम्हाला विचारलं होतं. वाकून. बोट ठेवून."

तेवढ्यात मावसभाऊ हात पुसत धावत आला. "वहिनी, त्याची काही चूक नाही! इंजिन मी बसवलं, मला ते भंगारवाल्यानं—"

ती मावसभावाकडे वळली.

"वहिनी?" ती म्हणाली. "हे कोणी प्रमाणित केलं?"

मावसभाऊ चष्मेवाल्याकडे पाहू लागला, चष्मेवाला जमिनीकडे. "म्हणजे... घरात आम्ही... मावशीच तसं म्हणते..."

"ताई म्हणा," ती थंडपणे म्हणाली. "तेही सध्यापुरतं." मग चष्मेवाल्याकडे वळून, "तुम्हाला ठाऊक आहे मी पोट कशावर भरते? ज्यांनी ओळ गाळली आणि तोंड मिटून घेतलं, त्या माणसांवर. शेकडो वर्षांपूर्वी मेलेली माणसं. त्यांना मी माफ करत नाही. आणि तुम्ही जिवंत आहात!"

"काय करू ते सांगा."

"नोंदणी कार्यालयात या. उद्या. काय केलंत ते लिहून द्या."

"दंड होईल रे!" मावसभाऊ कळवळला.

"येतो," तो म्हणाला.

ती रात्रभर रागातच होती, आणि रागाच्या तळाशी जे होते त्याचा तिला अधिक राग येत होता. त्याने फसवले, हे तिला पचले असते. तो येईल याबद्दल तिला तिळमात्र शंका नाही, हे पचेना. पुराव्यावाचून तिने आयुष्यात प्रथमच काहीतरी खरे धरले होते.

तो आला. तिच्याही आधी, बाकावर बसला होता.

टेबलामागे तोच वळणदार सहीचा कारकून होता. तिने पत्र त्याच्यासमोर ठेवले.

"ही सही तुमची?"

"सही माझी, शिक्का कार्यालयाचा."

"गाडी पाहिली होतीत?"

"गाडी पाहायचं टेबल वेगळं."

"कुठं आहे ते?"

"मंजूर व्हायचंय."

"मग 'प्रमाणित' कशाच्या जोरावर लिहिलंत?"

"छापीलच असतं ते, बाई," तो समजुतीने म्हणाला, आणि जबाब घ्यायला कोरा कागद ओढला. चष्मेवाला दोन वाक्ये बोलेपर्यंत त्याने चार लिहिली होती. ती वाचून दाखवली: "'इंजिन बदलल्याची नोंद करावयाचे अनवधानाने राहून गेले असून, त्यामागे कोणताही हेतू नव्हता.' झालं. करा सही."

"मी असं म्हणालो नाही," तो म्हणाला.

"अर्थ तोच."

"नाही. अनवधानानं नाही राहिलं. आणि हेतू होता."

"अहो, तुमच्याच फायद्याचं लिहितोय! दंड निम्म्यावर येतो."

तिने हात पुढे करून कागद ओढून घेतला. तो फाडला, उभा, मग आडवा. दुसरा घेतला.

"यांचं म्हणणं मी लिहून घेते. शब्दशः."

"तुम्ही तक्रारदार आहात, तुम्हाला—"

"यांची हरकत आहे का?"

"नाही," चष्मेवाला म्हणाला.

"छापील नियम आहे का, मी लिहू नये असा?"

कारकुनाने खण उघडून पाहिला. तसा रकाना नव्हता.

"बोला," ती म्हणाली. मान वर न करता, पेन टेकवून. "एकही शब्द गाळणार नाही."

तो जबाब आज कार्यालयाच्या दप्तरात आहे. अक्षर तिचे आहे, सही त्याची. त्यातला मजकूर असा:

"इंजिन मागच्या उन्हाळ्यात बदललं. मावसभावानं बसवलं. स्वस्त मिळालं म्हणून ते कुठून आलं हे मी विचारलं नाही. त्यावर बोजा आहे हे मला माहीत नव्हतं, पण ते पुस्तकातलं इंजिन नाही हे माहीत होतं. बाईंनी टाकीखाली बोट ठेवून विचारलं, तेव्हा त्यांचा चष्मा माझ्या हातात होता. दुरुस्त होऊन झाला होता. मी तो पुसत राहिलो आणि गप्प बसलो. खरं सांगितलं असतं तर त्या गाडी न घेता गेल्या असत्या. गाडीला गिऱ्हाइकं आणखी होती, त्याचं काही नव्हतं. त्या परत आल्या नसत्या. नंतर त्या आल्या की दर वेळी ठरवायचो, आधी यांना एकदा हसवू आणि मग सांगू. त्या हसल्याच नाहीत. हे कारण आहे, माफीचा अर्ज नाही. त्या इंजिनाची सगळी थकबाकी मी आज सकाळी भरली, पावती जोडली आहे. गाडी त्यांची राहावी, सोमवारी त्या कामावर जाव्यात. दंड पूर्ण लावा. मला या बाई पहिल्या दिवसापासून आवडतात, आणि यांनी मला कधीच माफ केलं नाही तरी आवडतील. हेही लिहिताय? नाही, हरकत नाही... शब्दशः म्हणालात, मग लिहा. पेन का थांबलं? आता तुम्ही हसलात. तेही लिहा."