साडूची स्कूटर

ही गोष्ट खरी आहे. अक्षरन् अक्षर खरी. खोटी असेल तर माझ्या हातातली ही बॅटरी आत्ताच्या आत्ता विझेल.

...हां. ती विझली ते सेल जुने आहेत म्हणून. शॉन, दात काढू नकोस. लाइट येईपर्यंत अंधारातच ऐका, गोष्टही अंधारातलीच आहे. म्हणजे अंधार नव्हता म्हणा, चांगलं टिपूर चांदणं होतं. पण ते पुढे येईल.

आणि मी ऐकीव काही सांगत नाही. खुद्द जितेशच्या तोंडून ऐकलंय. तो बायकोला सांगत होता आणि आमच्या मध्ये फक्त भिंत होती. आता आपल्या मनवेलपाड्याच्या चाळीतल्या भिंती तुम्हाला ठाऊक आहेत. पलीकडे कोणी उसासा टाकला तर अलीकडून विचारतात, काय झालं म्हणून.

तर हा जितेश, आठ नंबरच्या खोलीत राहायचा तो. कुरिअरच्या गोदामात नोकरी. दारू नाही, जुगार नाही. त्याला एकच रोग होता. साडू.

साडूचं नाव चिराग. जितेशची बायको संजना, तिच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. माणिकपूरला लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट, खाली गेट, गेटवर वॉचमन. सख्ख्या भावाचं चांगलं झालेलं माणूस कसंबसं गिळतो रे, पण साडूचं चांगलं झालेलं घशात बोंबलाच्या... नाही, बोंबलाला कसला काटा. पाला माशाच्या काट्यासारखं अडकतं. वर भात खा, केळं खा, खाली उतरत नाही.

या दोघांचा सासरा काळूराम, चांदीपचा शेतकरी. दोन हजार तेवीस साली अधिक महिना आला, तेव्हा त्यांनी दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. लोक जावयाला अनारसे देतात, फार तर चांदीचं निरांजन देतात. काळूरामबाबांनी हौसेनं दोन इलेक्ट्रिक स्कूटर आणल्या. एकाच कंपनीच्या, एकाच निळ्या रंगाच्या, एकाच टेम्पोतून उतरवलेल्या. जावयांमध्ये डावं-उजवं नको म्हणून त्यांनी दोन चाव्या दोन मुठींत लपवल्या आणि म्हणाले, "मान मोठ्या जावयाचा. आधी त्यानं मागावं."

जितेशनं डावी मूठ मागितली.

झालं. उजव्या मुठीतली गाडी लोण्यासारखी निघाली, आणि डाव्या मुठीतली... काय सांगू तुम्हाला. बासष्ट टक्के चार्जिंग दाखवायची आणि उड्डाणपुलाच्या ऐन मध्यावर चार टक्के म्हणायची. पावसात आपली आपण हॉर्न वाजवायची. एकदा पुढे जा म्हटलं तर मागे गेली आणि भाजीवालीच्या टोपलीतली वांगी चाकाखाली घेऊन आली. सर्व्हिस सेंटरला चौदा फेऱ्या. तिथला पोरगा लॅपटॉप जोडायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "सर, सिस्टिममध्ये तर काहीच प्रॉब्लेम दाखवत नाही." फोन लावला तर बाई गोड आवाजात सांगायची, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आणि गाणं लावून निघून जायची.

हे सगळं त्यानं सोसलं असतं हो. पण चिराग रोज रात्री मोबाइलवर स्टेटस ठेवायचा. 'आज एका चार्जिंगमध्ये शंभर किलोमीटर. मख्खन.' खाली गाडीचा फोटो. त्या फोटोत गाडी जितेशच्या गाडीसारखीच दिसायची, फक्त पुसलेली. वर भेटला की शिकवायचा, "दादा, तुझं चार्जिंग करायचं टायमिंग चुकतंय." साडूचा सल्ला म्हणजे भाजलेल्या जागेवर मीठ. आणि संजना मागून म्हणणार, "चिरागरावांना विचारून तरी बघा ना."

रात्री जितेश आढ्याकडे बघत पडायचा. उजवी मूठ मागितली असती तर... हे एकच. देवापुढे उभा राहिला तरी आपली गाडी नीट कर असं मागायचा नाही. मागायचा काय, तर त्याची एकदा तरी बंद पाड.

आता त्या रात्रीचं सांगतो. बारा डिसेंबर दोन हजार चोवीस, मार्गशीर्षातला गुरुवार. भुताच्या गोष्टीला अमावास्या शोभते, मला कळतं, पण कॅलेंडर काढून बघा, शुद्ध द्वादशी होती. मी पदरचं घालत नाही, ते यासाठी सांगितलं.

काम साधं होतं. सासऱ्याकडे नवे तांदूळ भरडून आले होते. दोन गोणी, एक जितेशची, एक चिरागची. दुपारीच चिरागचा फोन आला होता, "दादा, तू आणतोस का? की तुझ्या गाडीला झेपणार नाही? मी जातो हवं तर, माझी काय, आरामात खेचते." यावर कुठला मोठा साडू नाही म्हणेल?

ड्युटी सुटल्यावर जितेश चांदीपला गेला. पोचेपर्यंत गाडीनं मान टाकली, म्हणून पडवीत चार्जिंगला लावली. गावातली लाइट ये-जा करत होती. जेवण झालं, अकरा वाजून गेले. सासूबाई, कमळीबाई, दारात येऊन म्हणाल्या, "जावयबापू, आता कुठं निघता? थंडी पन केवढी पडलीय. सकाळी चहा पिऊन जावा, कोन हाकलतो तुमाला?"

जितेश थांबलाही असता. पण काळूरामबाबा खाटेवरून म्हणाले, "राहा, राहा. चिराग गेलता परवा रातीचा एकटाच, पन त्याची गोष्ट येगळी. त्याची गाडी भरोशाची."

जितेशनं एक गोणी पायाशी ठेवली, एक मागच्या सीटवर बांधली, आणि निघाला. घड्याळात अकरा वीस.

शिरसाड फाट्याचा तो रस्ता. एका बाजूला तुंगारेश्वरचं रान, दुसऱ्या बाजूला कापलेली शेतं. आणि पोरांनो, गाडी त्या रात्री काय पळाली. आवाज नाही, धक्का नाही, दोन गोण्या घेऊन पाण्यावरून गेल्यासारखी. टक्के एकानंही उतरेनात. जितेशला इतका आनंद झाला की आता स्टेटस काय ठेवायचं, हे तो मनात जुळवू लागला.

ओढ्यावरच्या मोरीच्या अलीकडे त्याला लाल दिवा उघडमीट करताना दिसला.

एक स्कूटर उभी होती. तीच कंपनी. तोच निळा रंग. शेजारी हेल्मेट घातलेला एक माणूस, दोन्ही हात खाली सोडून, गाडीकडे बघत. नवीनच घेतलेली गाडी बंद पडली की माणूस कसा बघतो, तसा.

आता खरं सांगतो, जितेश मदतीला थांबला नाही. तो थांबला ते बघायला. दीड वर्ष जगातली एकटी बिघडलेली गाडी आपलीच, असं वाटत होतं त्याला. आज दुसरा भेटला. गूळ खाल्ल्यासारखं झालं. त्यानं गाडी शेजारी लावली, हेल्मेटची काच वर केली आणि विचारलं, "बंद पडली वाटतं?"

"हो."

"कंप्लेंट टाकली का?"

"टाकली."

"काय म्हणाले?"

"माणूस पाठवतो म्हणाले."

"मग येईल. माझी बघा, दोन गोण्या आहेत, तरी मख्खन."

साडूचा शब्द. त्याच्याच तोंडून निघाला. असं कधी बोलू नये, पोरांनो. आपल्याकडे चांगलं चाललं असलं तरी माणसं म्हणतात, चाललंय आपलं रडतखडत. ती काही उगाच म्हणत नाहीत.

तो माणूस वळला.

"तुमची चालते?"

"चालते की."

"...माझी का नाही चालत?"

जितेश हसला. म्हणाला, "कधीपासून उभे आहात?"

"पावसाळ्यापासून."

डिसेंबर चालू होता. जितेशला वाटलं, थट्टा करतोय. त्यानं विचारलं, "कुठल्या पावसाळ्यापासून?"

लाल दिवा उघडमीट. उघडमीट.

थंडी अशी की जितेशच्या तोंडातून वाफ निघत होती. त्या माणसाच्या हेल्मेटची काच मात्र स्वच्छ. आतून दव नाही. वाफ नाही. काचेत चांदणं दिसत होतं. काचेच्या मागे... काही दिसत नव्हतं.

जितेशनं गाडी सुरू केली. हलली नाही. आकडा बघितला. बासष्ट. मग चार. मग काहीच नाही.

त्या माणसानं हात पुढे केला. हँडलवर ठेवला. जितेशच्या हातावरच. ओला हात.

"मला द्या."

"काय..."

"चालणारी."

"अहो..."

"तुम्ही थांबा इथे. माणूस येईल."

जितेशला कळलं. सगळं एकदम कळलं. आता गाडी याची, आणि हा रस्ता आपला. पावसाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत. त्याच्या पुढच्या पावसाळ्यापर्यंत.

मग त्याचं तोंड सुटलं. नाही हो, चालत नाही माझी. खोटं बोललो. भंगार आहे. चौदा वेळा सर्व्हिसिंग केली. पुलावर मरते. मागे जाते. वांगी चिरडली. आजच चालली फक्त, तीही मेली बघा आत्ता. सांगता सांगता तो रडायला लागला. दीड वर्षाचं सगळं बाहेर आलं. आणि जसजसं बाहेर आलं, तसतसा तो हात... सैल झाला.

बोट उचललं. मग दुसरं.

"म्हणजे तुमचीपण तसलीच."

"तसलीच. आईशप्पथ तसलीच."

रानात एक पान पडलं नाही.

"मग चालते कोणाची?"

जितेश म्हणाला, "साडूची."

विचार न करताच म्हणाला. दीड वर्ष जिभेवर बसलेला शब्द तो.

हेल्मेट थोडं जवळ आलं.

"कुठे असतो?"

...

...

जितेशच्या डोळ्यांपुढे मेहुणी उभी राहिली, संजनाची धाकटी. रोज सकाळी त्याच गाडीवर मागे बसून स्टेशनला जाते ती. त्यानं जीभ दातांखाली धरली. घट्ट. तोंडात रक्ताची चव आली. पण बोलला नाही.

किती वेळ गेला ते त्याला सांगता येत नाही. डोळे उघडले तेव्हा मोरीपाशी कोणी नव्हतं. स्कूटर नव्हती, लाल दिवा नव्हता. त्याच्या गाडीचा आकडा मात्र उजळला होता. बासष्ट टक्के. वेळ अकरा बावन्न.

घरी कसा आला, त्यालाच माहीत. संजनानं दार उघडलं तेव्हा तो उंबऱ्यावरच बसला, आणि मग भिंतीपलीकडून मी जे ऐकलं ते तुम्हाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिरागची गोणी पोचवायला माणिकपूरला जाणं आलंच. बायकोनं लावून दिलं. गेटवर वॉचमन रामू. ओळखीचा. त्यानं जितेशला बघितलं आणि खुर्चीवरून उठला.

"साहेब, रात्री तुम्ही कोणाला पाठवलं होतं का इथे?"

"मी? नाही. का?"

"मी जागाच होतो. गेटला आतून कुलूप होतं. कोणी आलं नाही, गेलं नाही. देवाची शपथ. पण हे बघा."

त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही पुढे सरकवली. शेवटची ओळ. शाई अशी पसरलेली की कोणी ओल्या हातानं लिहिलं असावं. नावाचा रकाना कोरा. कोणाकडे, तर चिराग, तीनशे चार. काम काय, तर 'गाडी बघायला'. आल्याची वेळ, अकरा त्रेपन्न.

मोरीपासून माणिकपूर म्हणजे मोकळ्या रस्त्यानंही पाऊण तास, पोरांनो.

आणि त्यापुढे एक रकाना असतो. गेल्याची वेळ. तो कोरा होता.

जितेशनं गोणी तिथेच टाकली. वर गेला नाही. आजतागायत गेलेला नाही. महिनाभरात इथली खोलीही सोडली त्यानं, नालासोपाऱ्याला गेला म्हणतात. गाडी मात्र घेऊन गेला. त्या रात्रीपासून ती एकदाही बंद पडली नाही. चिरागचं काय, ते मला विचारू नका. त्याचे स्टेटस येत नाहीत, एवढं संजना जाताना म्हणाली. रामू ती वही अजून कोणाला पुढे लिहू देत नाही, नवी आणलीय. विचारलं तर म्हणतो, आधी तो बाहेर जाऊ दे.

"पण शांतारामकाका, जितेशनं तर पत्ता सांगितलाच नव्हता ना? मग त्या माणसाला फ्लॅट नंबर कसा कळला?"

कोण, उन्नती का? तुला झोप येत नाही वाटतं.

...

बरं. अक्षरन् अक्षर खरी म्हणालो, त्यात एक वाक्य माझं आहे. मेहुणी आठवली आणि जीभ चावून गप्प बसला, ते. तेवढं मी घातलं. भिंतीपलीकडून संजना अशी रडत होती की मला वाटलं, निदान माझ्या गोष्टीत तरी त्यानं गप्प बसावं.

गप्प नाही बसला तो. माणिकपूर सांगितलं, बिल्डिंग सांगितली, फ्लॅट सांगितला. आणि गाडी खांबाजवळ उभी असते, रात्री चार्जिंगला लावलेली असते, हेही सांगितलं.

ते तर त्या माणसानं विचारलंही नव्हतं.